चरखा उलटा फिरालाय! (फिरत्या चाकाची अॅनिमेटेड इमेज, मदत पायजे)

फ्लेक्सवाला_शहापूर

नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या शहापुरात एका फ्लेक्सच्या दुकानात डीटीपीला बसतो, म्हणजे दिवसभर वाढदिवस, श्रद्धांजली, बारसं आणि पुढाऱ्यांचे फोटो हेच, अॅनिमेशनचा आणि माझा संबंध एवढाच की व्हॉट्सअॅपवर गुलाब फुलताना बघतो. आता झालंय काय, आमच्या गल्लीतल्या वाचनालयात डिसेंबरात १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या आठवणीचा छोटासा कार्यक्रम असतो, तर तिथल्या आजोबांनी सांगितलं की निमंत्रणाच्या चित्रात चरखा फिरताना दाखव, मजकूर तसाच थांबलेला, फक्त चाक फिरायचं. मी म्हटलं त्यात काय, करून देतो की. तिथंच फसलो.

चरख्याचा फोटो मिळाला, चाकाला ८ आरे आहेत, चाक कापून वेगळ्या लेयरला घेतलं, १२ लेयर केले (एक लेयर म्हणजे एक फ्रेम), प्रत्येक वेळी ३० अंश फिरवलं, १२ गुणिले ३० म्हणजे ३६०, हिशोब बरोबर आहे की नाही? खरं प्ले केलं तर चाक उलटं फिरालंय!! मी म्हटलं चुकून उणे टाकलं असेल, परत बघितलं, नाही, सगळीकडे अधिक ३०. शिवाय बाराव्या फ्रेमला चाक एवढं धुरकट झालंय की पावसात भिजलेला पेपर वाटतोय. आजोबांना मोबाईलवर दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, "अरे हा सूत कातालाय का उसवालाय?"

गिंप वापरतोय, फोटो एडिट करायचं फुकटचं सॉफ्टवेअर (दुकानात कोरल आहे खरं त्यात हे जमत नाही मला). कुणी सांगा काय चुकालंय.

निपाणीकर

उणे ३० टाक, सुलटं फिरंल. फी नाही घेत मी.

फ्लेक्सवाला_शहापूर

टाकून बघितलं ओ. फिरतंय सुलटं, खरं मनाला पटेना, अधिक टाकल्यावर उणे जातंय म्हणजे कुठंतरी घोळ आहेच की नाही.

टर्नर_उद्यमबाग

घोळ आहे आणि तो तुझ्या गिंपात नाही, तुझ्या डोळ्यात आहे. बैस, सांगतो.

८ आरे म्हणजे दोन आऱ्यांत ४५ अंश. आरे सगळे सारखेच दिसतात, कुठला पहिला कुठला पाचवा कुणाला कळतंय? तू चाक ३० अंश पुढं सरकवलंस. आता बघणाऱ्याच्या डोळ्याला दोन रस्ते आहेत, एक तर हा आरा ३० अंश पुढं आला असं समजायचं, नाहीतर पुढचा आरा १५ अंश मागं आला असं समजायचं. डोळा नेहमी जवळचा रस्ता धरतो. १५ जवळ आहे, म्हणून मागं. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना बघितली नाहीस काय, तेच हे. वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइटखाली लेथचा चक (जॉब धरून फिरणारा भाग) फिरताना थांबल्यासारखा दिसायचा आम्हाला, जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकायच्या, हात घालायला गेलेले लोक आहेत. त्यामुळं ह्या गोष्टीची मला लई जुनी भीती आहे.

तर नियम असा की एका फ्रेमला सरकवायचं माप दोन आऱ्यांतल्या अंतराच्या निम्म्यापेक्षा कमी पायजे. तुझ्या चाकाला २२.५ च्या आत. बरोबर २२.५ ठेवलंस तर चाक पुढंही जात नाही मागंही जात नाही, नुसतं थरथरतंय. १० च्या आसपास ठेव, गोड फिरेल.

निपाणीकर

काका एक नंबर. म्हणजे माझं उणे ३० पण खोटंच सुलटं होतं तर.

टर्नर_उद्यमबाग

होय. दोन चुका एकमेकीवर पडल्या की जॉब ओके दिसतो, आणि गिऱ्हाइकाकडं जाऊन रिजेक्ट होतो.

अक्का_खानापूर

मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, गिंपमध्ये हे दर वर्षी करून घेते (आमच्याकडं पवनचक्की असते, ३ पाती, मुलांना सोपं जातं). काकांनी उलटं का फिरतंय ते सांगितलं, मी धुरकट का होतंय ते सांगते.

भाऊ, तू नक्की असं केलास: लेयर कॉपी केला, ३० फिरवला, त्या फिरवलेल्याची कॉपी केली, परत ३० फिरवला, असं बारा वेळा. बरोबर? प्रत्येक वेळी फिरवलं की गिंपला पिक्सेल नव्या जागी बसवावे लागतात, ते चौकोनी घरात नीट बसत नाहीत, मग शेजारपाजारचे रंग मिसळून नवा रंग करतंय. एकदा केलं तर कळत नाही, बारा वेळा केलं की झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यामुळं मूळ चाकाचा लेयर बाजूला जपून ठेवायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचीच कॉपी घेऊन पहिली १० ने, दुसरी २० ने, तिसरी ३० ने अशी फिरवायची. कंटाळवाणं आहे खरं चाक काचेसारखं राहतंय.

आणि ३६० ची फ्रेम करू नकोस. ० पासून ३५० पर्यंतच. ३६० म्हणजे परत ० च, एकच फ्रेम लागोपाठ दोनदा आली की प्रत्येक फेऱ्याला चाक क्षणभर अडखळल्यासारखं वाटतंय. माझी निम्मी मुलं हीच चूक करतात.

फ्लेक्सवाला_शहापूर

अक्का तुम्ही माझ्या मागं उभं राहून बघितल्यासारखं सांगालाय. अगदी तसंच केलोय. रात्री दुकान बंद झाल्यावर परत करतो.

कोडवाला_टिळकवाडी

मी मूळचा टिळकवाडीचा, आता बेंगळुरात. एक सुचवतो, अख्खा फेरा कशाला करताय? ८ आरे सगळे सारखे, म्हणजे ४५ अंश फिरलं की चित्र परत पहिल्यासारखंच. ५-५ अंशाच्या ९ फ्रेम करा, ० ते ४०, लूपवर टाका, बघणाऱ्याला चाक अखंड फिरतंय असंच वाटणार. ३६ फ्रेमच्या जागी ९. आपल्या झेंड्यातल्या चक्राला २४ आरे आहेत, तिथं तर नुसत्या १५ अंशात काम होतंय, फक्त सरकवायचं माप मग साडेसातच्या आत ठेवावं लागतं.

आणि वेबपेजवर टाकायचं असेल तर हे काहीच नको, सीएसएसमध्ये (वेबपेज सजवायचा कोड) दोन ओळीत फिरतंय. तिथं एकच लक्षात ठेवायचं, वेग लिनिअर, म्हणजे सगळीकडे सारखा, लिहा. नाही लिहिलं तर आपोआप सुरुवातीला हळू, मधे जोरात, शेवटी हळू असं होतंय, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला चाक दम खातंय.

फ्लेक्सवाला_शहापूर

वेबपेज नाही हो, व्हॉट्सअॅपवर पाठवायचंय आणि हॉलमध्ये टीव्हीवर लावायचंय. ९ फ्रेमची आयडिया मस्त आहे.

टर्नर_उद्यमबाग

मस्त आहे खरं चालणार नाही. चरख्याला मूठ असते.

कोडवाला_टिळकवाडी

अरेरे. होय की.

टर्नर_उद्यमबाग

आरे आठ, मूठ एकच. ४५ अंश झाल्यावर आरे जुळतील, मूठ उडी मारून परत मूळ जागेवर येईल. कुणीतरी फटका मारून मागं ढकलल्यासारखी. मूठ दाखवायची असेल तर पुरा फेरा पायजेच.

३६ भाग कर, १० अंशाचे. आमच्या डिव्हायडिंग हेडला (जॉबचे सारखे भाग पाडायचं यंत्र) ४० फेरे फिरवले की जॉबचा एक फेरा होतो, ३६ भागांना एक पूर्ण फेरा आणि २७ भोकांच्या प्लेटवर ३ भोकं पुढं. ३० वर्षं हेच केलोय. तुला तर नुसता आकडा टाकायचाय.

निपाणीकर

मूठ पुसून टाक की सरळ. कोण बघतंय.

फ्लेक्सवाला_शहापूर

आजोबा बघतात! त्यांच्या आईनं घरी चरखा चालवलेला, त्यांना मुठीशिवाय चरखा दाखवला तर वाचनालयाचं कार्डच रद्द करतील माझं.

अक्का_खानापूर

आणि आजोबांना काय पडलंय एवढं चरख्याचं ते पण कळू दे पोरांना. बेळगावचं ३९वं अधिवेशन, २६ आणि २७ डिसेंबर १९२४, गांधीजी एवढ्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते आपल्या टिळकवाडीत. हे सगळ्यांना पाठ असतंय. खरं त्याच अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वाला चार आण्याच्या जागी महिन्याला २,००० वार हातानं कातलेलं सूत द्यायचं असा नियम पक्का केला, तो फार टिकला नाही, पुढच्याच वर्षी सैल झाला. म्हणजे त्या वर्षभरासाठी चरखा ही नुसती खूण नव्हती, पावतीच होती म्हणा. गंगाधरराव देशपांडे बेळगावजवळच्या हुदलीचे, स्वागताचा सगळा भार त्यांच्यावर, आणि हुदलीत खादीचं काम अजून चालतंय. त्यामुळं चरखा उलटा फिरला तर आजोबा चिडणारच.

निपाणीकर

त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरनं किती वेळा गेलोय, ही २,००० वाराची गोष्ट माहीत नव्हती. बरं मूठ ठेव बाबा.

फ्लेक्सवाला_शहापूर

(दुसऱ्या दिवशी)

मंडळी नवा अपडेट. ३६ लेयर केलो, रात्री दीड वाजला, आई दोनदा येऊन लाइट बंद करून गेली. धुरकटपणा गेला. सुलटं फिरालंय. खरं दोन नवीन भानगडी झाल्यात.

एक, चाक फिरताना मागचे आरे पुसलेच जाईनात. पहिल्या फ्रेमचे ८, त्यावर दुसरीचे ८, त्यावर तिसरीचे, तिसऱ्या-चौथ्या फ्रेमपर्यंत आऱ्यांचं जाळं आणि मग नुसती भाकरी. काळी गोल भाकरी.

दोन, चाक एका जागी राहीना. फिरता फिरता झोकांडी खातंय, म्हणजे कधी लांबट कधी उभट, पंक्चर झालेल्या सायकलीवर बसल्यासारखं.

टर्नर_उद्यमबाग

दुसऱ्याला आमच्यात रनआऊट म्हणतात, म्हणजे फिरताना डगमगणं. डायल (डगमग मोजायचं मीटर) लाव.

फ्लेक्सवाला_शहापूर

काका डायल कुठं लावू स्क्रीनला 😭

अक्का_खानापूर

भाकरीचं आधी सांगते. लेयरचं नाव बघ, नावात कंसात कंबाइन असेल किंवा काहीच नसेल तर गिंप आधीच्या फ्रेमवर नवी फ्रेम नुसती ठेवतंय, खालचं पुसत नाही. तुझ्या चाकाच्या मधली जागा पारदर्शक आहे, म्हणून खालचे आरे दिसत राहतात. दोन उपाय. नावात रिप्लेस लिही, म्हणजे आधीची फ्रेम काढून नवी ठेवली जाते, खरं मग मागचं चित्र पण प्रत्येक फ्रेममध्ये पायजे, नाहीतर तेही जातंय. म्हणून मी मुलांना सांगते, प्रत्येक चाकाखाली मागच्या चित्राची एक कॉपी ठेव आणि दोन्ही मर्ज कर, मग ३६ पूर्ण चित्रं झाली. त्यानंतर फिल्टर्समध्ये अॅनिमेशन, त्यात ऑप्टिमाइझ फॉर गिफ (गिफ म्हणजे हलत्या चित्राची फाइल). ते स्वतःच बघतंय की दोन फ्रेममध्ये काय बदललंय, आणि बदललेला तेवढाच चौकोन ठेवतंय. मजकूर एकदाच साठवला जातो, फाइल हलकी.

आणि सगळ्यात खालचा लेयर पहिली फ्रेम असते, वरचा शेवटची. उलट रचलास तर चाक परत उलटं, मग म्हणशील काका चुकले.

टर्नर_उद्यमबाग

आता रनआऊट. त्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे तुंबा, चाकाचा मधला आस रे, तो लेयरच्या बरोबर मध्यात नाही. लेयर आपल्या मध्याभोवती फिरतो, तुझा तुंबा ४ पिक्सेल डावीकडं असेल तर चाक ४ पिक्सेलचा गोल काढत बसणार. तुंब्यावर एक आडवी एक उभी गाइड टाक, चारी बाजूला सारखं अंतर सोडून लेयर चौकोनी काप. नाहीतर फिरवायच्या खिडकीत मध्याचे एक्स वाय टाकायला जागा असते, तिथं तुंब्याचे आकडे घाल.

खरं तू म्हणालास लांबट-उभट होतंय. ते ह्यामुळं नाही. फोटो तिरका काढलायस काय?

फ्लेक्सवाला_शहापूर

होय काका, बाजूनं काढलोय, समोर टेबल होतं.

टर्नर_उद्यमबाग

झालं मग. तिरक्या फोटोत चाक गोल दिसत नाही, अंड्यासारखं दिसतंय. अंडं फिरवलंस तर अंडंच गडबडा लोळणार. खरंखुरं चाक जाग्यावर फिरलं तरी त्याची बाहेरची कड बघणाऱ्याला एकाच अंड्यात दिसत राहते, आत फक्त आरे हलतात.

कोडवाला_टिळकवाडी

ह्याला सोपी युक्ती आहे. आधी अंडं ताणून गोल करायचं, म्हणजे चाकाची रुंदी ६०० आणि उंची ८०० असेल तर रुंदी ८०० करायची. मग त्या गोलाला १०, २०, ३० असं फिरवायचं. सगळ्या ३६ कॉप्या झाल्या की प्रत्येकीची रुंदी परत ६०० करायची. ताण, फिरव, दाब, ह्याच क्रमानं. क्रम बदलला की परत लोळण सुरू. थोडा दृष्टिकोनाचा फरक राहतोच, खरं मोबाईलवर कुणाला कळत नाही.

अक्का_खानापूर

माझं मत विचारशील तर फोटो सोडून दे. चाक काढ साधं, एक रिंग, आठ पट्ट्या, एक मूठ. फोटोत चाकावर उजेड एका बाजूनं पडलेला असतो, चाक फिरवलं की तो उजेडही फिरतोय, म्हणजे सूर्य चरख्याला बांधल्यासारखा. शिवाय गिफमध्ये एका फ्रेमला २५६ च रंग, फोटोचे पट्टे पट्टे दिसतात, आणि ते लपवायला ठिपक्यांचा डिदर टाकला की प्रत्येक फ्रेमला ठिपके बदलतात, फाइल फुगते. साधे सपाट रंग असले की गिफ खूश असतं. खादीचा पिवळसर पांढरा, लाकडाचा तपकिरी, मजकुराचा काळा, बास.

चंदगडचा_पाव्हणा

मधेच विचारतो, गिफ म्हणायचं का जिफ? आमच्यात भांडणं होतात.

कोडवाला_टिळकवाडी

१९८७ ला कॉम्प्युसर्व्ह कंपनीत ज्या स्टीव्ह विल्हाइटनं बनवलं तो शेवटपर्यंत जिफ म्हणायचा. अख्खं जग त्याचं ऐकत नाही. आपण बेळगाव-बेळगावी वर एवढं भांडतो, इथं तर बनवणाऱ्यालाच कुणी विचारेना.

निपाणीकर

😂😂 ॲडमिन यायच्या आत विषय बदला.

फ्लेक्सवाला_शहापूर

(तीन दिवसांनी)

फोटो सोडला. अक्कांचं ऐकून चाक कोरलमध्ये काढलं, तिथं माझा हात बसलेला आहे, एक आरा काढून ४५ नं सात कॉप्या, दोन मिनिटांचं काम. पीएनजी करून गिंपात आणलं, ८०० बाय ८००, तुंबा बरोबर मध्यात. मूळ लेयरवरनंच ३६ कॉप्या, खाली चित्र मर्ज, ऑप्टिमाइझ. पहिली फोटोवाली फाइल ११ एमबी झालेली, ही ६५० केबी! मला वाटलं काहीतरी राहिलं म्हणून तीनदा उघडून बघितलो.

वेगाचं मात्र डोकं खाल्लं. एक्स्पोर्ट करताना फ्रेममधला वेळ १०० मिलिसेकंद होता, एक फेरा ३.६ सेकंदाचा, आजोबांना संथ वाटला. म्हटलं जोरात करू, १० टाकलं. ब्राउझरमध्ये उघडलं तर वेग अजिबात वाढला नाही, जसाच्या तसा. काय हे?

कोडवाला_टिळकवाडी

गिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिला जातो. १० मिलिसेकंद म्हणजे १ भाग. पूर्वी लोक ० नाहीतर १ टाकून भन्नाट जाहिराती करायचे, त्यांना आवरायला ब्राउझरवाल्यांनी ठरवलं की एवढा कमी आकडा आला की सरळ १०० मिलिसेकंद धरायचे. म्हणून तुझा वेग होता तिथंच राहिला. ७० टाक. ३६ गुणिले ७० म्हणजे अडीच सेकंदाला एक फेरा. हातानं फिरवलेल्यासारखं वाटेल.

फ्लेक्सवाला_शहापूर

७० टाकलं. अगदी बरोबर. व्हॉट्सअॅपवर पण पाठवलं, तिथं मजकुराच्या कडा जरा खराब झाल्यात, ते का?

अक्का_खानापूर

व्हॉट्सअॅप गिफला गिफ ठेवतच नाही, आत त्याचा छोटा व्हिडिओ करून पाठवतंय, आणि करताना दाबतंय. बारीक अक्षरं मार खातात. तारीख-वेळ मोठ्या अक्षरात घे. मूळ फाइल जशीच्या तशी द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. हॉलच्या टीव्हीला पेनड्राइव्हवर एमपी४ करून ने, बऱ्याच टीव्हींत गिफ फिरतच नाही, पहिल्या फ्रेमवर गप्प बसतंय. आणि एमपी४ करताना रुंदी-उंची सम आकड्यात ठेव, नाहीतर सॉफ्टवेअर कुरकुर करतंय.

कन्नडमध्ये पण एक ओळ घालणार ना? घाल, वाचनालयात सगळेच येतात.

फ्लेक्सवाला_शहापूर

घातली अक्का, दुकानातल्या मुलाकडनं टाइप करून घेतली, गिंपात चिकटवली तर सगळे चौकोन आले, मग कळलं की तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, युनिकोडमध्ये नाही. शेवटी त्याच्याच कॉम्प्युटरवर चित्र करून आणलं.

टर्नर_उद्यमबाग

आजोबांना दाखवलास काय?

फ्लेक्सवाला_शहापूर

आत्ताच जाऊन आलो. मोबाईल हातात घेतला, दहा-बारा फेरे नुसते बघत बसले. मग विचारले, हे आपण कातणाऱ्याच्या बाजूनं बघतोय का समोरनं? मी म्हटलं कातणाऱ्याच्या बाजूनं. म्हणाले मग बरोबर फिरालाय, समोरनं बघितलं असतं तर उलट दिसायला पायजे होता. मी सुटलो म्हणून मोबाईल घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाले,

"खरं माळ कुठाय?"

म्हणजे चाकावरनं चातीवर (सूत कातणारी सळई) जाणारी दोरी हो. मी काढायचीच विसरलो. चाक आपलं आपलं फिरालंय आणि चाती आपली गप्प उभी आहे.

निपाणीकर

🤣🤣🤣

टर्नर_उद्यमबाग

बेल्ट न लावता मशीन चालू केलास होय रे.

कोडवाला_टिळकवाडी

माळ तेवढी सोपी आहे, ती जागेवरच असते, दोन सरळ रेघा चाकापासून चातीपर्यंत, मागच्या चित्रातच काढ, ३६ वेळा नको. फिरताना दिसायला पायजे असेल तर दोरीवर तुटक रेघा घे आणि प्रत्येक फ्रेमला थोड्या सरकव, फक्त ३६ फ्रेम संपताना रेघा परत मूळ जागेवर आल्या पायजेत.

अक्का_खानापूर

आणि चाती चाकापेक्षा कितीतरी जोरात फिरते, ती खरोखर फिरवायला जाऊ नकोस, परत उलटी दिसेल. एक आड एक फ्रेमला तिच्यावर उजेडाची बारीक रेघ दे, भिरभिरल्यासारखी वाटेल.

फ्लेक्सवाला_शहापूर

रेघा साध्याच काढतो. कार्यक्रम गुरुवारी आहे आणि दुकानात तीन वाढदिवस आलेत.